तलैयेवरची शाळा

कमलिनी ग्वाल्हेरहून शिक्षिकेची परीक्षा पास होऊन झाशीला परतली ती १९३१ सालच्या उन्हाळ्यात. लग्नानंतर वर्षाच्या आतच नवरा विषमज्वरानं गेला होता. थोरला भाऊ जनार्दन रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध अंगावर घेऊन त्यानंच तिला शिकायला पाठवलं होतं. परतल्यावर आठवड्याभरात तिनं रुळांपलीकडच्या सीपरी बाजारातल्या गणपतीच्या देवळात मुलींचा वर्ग सुरू केला. मुली बहुतेक गार्डांच्या, फिटरांच्या, इंजिन ड्रायव्हरांच्या. शहरातल्या शाळेत जायचं तर रुळांवरचा पूल ओलांडावा लागे. एवढ्या लांब मुलींना एकट्या धाडायला कोणी आईबाप तयार नव्हते.

देवळातला वर्ग कसाबसा चाले. पाऊस आला की मंडप गळे, आणि सणवार आला की वर्ग बंद. भजनी मंडळी लवकर आली तर मुलींनी पाट्या आवरून उठायचं. हे चार वर्षं चाललं. कमलिनीला स्वतःची शाळा हवी होती, भिंती असलेली, फळा असलेली. ती ज्याला त्याला जागा मागत सुटली.

शेवटी जागा दिली ती नानासाहेबांनी. त्यांच्या पूर्वजांच्या जहागिरीतलं आता फारसं काही उरलं नव्हतं, पण सीपरीच्या मागच्या अंगाला थोडी जमीन होती. तिथं एक तलैया होती. झाशीकडे लहानशा तळ्याला तलैया म्हणतात. पावसाळ्यात मागच्या खडकाळ टेकडीवरचं पाणी उतरून तिच्यात साचे. दिवाळीपर्यंत ती तुडुंब असे, मग हळूहळू आटत जाई आणि चैत्रात तळाशी नुसता चिखल राही. त्यात म्हशी बसत. संध्याकाळी डास इतके उठत की शेजारच्या आळीत धुरी केल्याशिवाय बसता येत नसे.

“ही घे,” नानासाहेब म्हणाले. “भर घाल आणि बांध तुझी शाळा. लोक दुवाच देतील. गेल्या सावनात हिवतापानं किती जण अंथरुणाला खिळले होते, ठाऊक आहे ना?”

कमलिनीला ते ठाऊक होतं. तिच्या वर्गातल्या दोन मुली त्याच तापात गेल्या होत्या. तलैया बुजवणं तिला पुण्याचंच काम वाटलं.

आळीतले लोक मात्र घुटमळत होते. बायका तिथं कपडे धुवत, गवळी म्हशी नेत. पण सगळ्यांचं लक्ष होतं राधाबाईंच्या तोंडाकडे, कारण तलैयेच्या खालच्या अंगाला, उताराशी, राधाबाईंची बाग होती. राधाबाई शिलेदारांच्या घराण्यातल्या. नवरा मागे गेला, मुलगा तानाजी रेल्वेत फायरमन लागून बीना जंक्शनला राहिला. राधाबाई एकट्याच बाग सांभाळत. नऊवारीचा काचा मारून त्या स्वतः रहाटाचे बैल हाकत. मोगरा, लिंबं, पेरू आणि हंगामाची भाजी. पहाटे त्यांच्या मोगऱ्याच्या टोपल्या सीपरी बाजारात गेल्या की फुलवाल्यांची दुकानं उघडत.

कमलिनी त्यांना काकू म्हणे. लहानपणी त्यांच्याच पेरूच्या झाडावर ती वाढली होती. एका दुपारी ती बागेत गेली. राधाबाई वाफ्यांना पाणी सोडत होत्या.

“काकू, तुमचं काय म्हणणं आहे? सगळे तुमच्यासाठी थांबलेत.”

राधाबाईंनी फावड्यानं पाटाचं एक दार मोडलं, दुसरं धरलं. पाणी वळलं. मग त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “कमळे, शाळा हवी, हे मला पटतं. मला कोणी शिकवलं असतं तर जमिनीचा कागद मी दुसऱ्याकडून वाचून घेतला नसता. पण माझ्या विहिरीचं काय? तलैया भरली की माझी विहीर वर येते, असं आपलं मला वाटतं.”

कमलिनी हसली. त्या हसण्यात तिरस्कार नव्हता, पण नुकतंच शिकून आलेल्या माणसाची खात्री होती. “काकू, विहिरीला पाणी तलैया देत नाही, पाऊस देतो. उन्हानं समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढग गार झाले की पाऊस पडतो. तो पाऊस जमिनीत मुरतो, नद्यांतून वाहतो, पुन्हा समुद्राला मिळतो. हे चक्र आहे. पृथ्वीवरचं पाणी कमी होत नाही की वाढत नाही. तलैया बुजली म्हणून पाऊस पडायचा थांबणार आहे का?”

“नाही, पाऊस कसा थांबेल?”

“मग तुमची विहीर कशी थांबेल?”

राधाबाईंनी थोडा विचार केला. समोर उभी असलेली पोर त्यांच्या डोळ्यांदेखत विधवा झाली होती, आणि तरी मान वर करून समुद्राच्या गोष्टी सांगत होती. त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. “तू शिकलेली आहेस,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतेस तर तसंच असेल. बांध शाळा.”

एवढंच करून त्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी आळीत फिरून त्यांनी बायकांना समजावलं. सगळ्यांत जवळची विहीर ज्यांची, त्यांचीच हरकत नाही म्हटल्यावर बाकीचे गप्प बसले.

इंजिनांच्या भट्टीतून रोज राखेचे ढीग निघत आणि ती टाकायला जागा लागेच. जनार्दननं शब्द टाकला, आणि हिवाळाभर राखेच्या गाड्या तलैयेकडे येत राहिल्या. काळी राख, अर्धवट जळलेले कोळशाचे खडे. वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसे, आणि आळीतल्या बायका कमलिनीच्या नावानं बोटं मोडत. गाड्या कमी पडल्या तेव्हा राधाबाईंनी आपले बैल दिले. राखेवर मुरूम पडला, मुरमावर धुमसानं ठोकून ठोकून जमीन दगडासारखी घट्ट केली. होळीनंतर पाया खणला. पुढच्या दसऱ्याला तीन खोल्यांची, कवलारू ओसरीची शाळा उभी राहिली. आवारात पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून जनार्दननं भोवती पक्की गटारं बांधून घेतली. टेकडीवरून आलेलं पाणी त्यांतून सरळ खाली गल्लीत, गल्लीतून नाल्यात जाई.

ते दिवस कमलिनीच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. मुली दुपटीनं वाढल्या. हिवताप खरंच कमी झाला. शाळेत शिकवणं हिंदीतून चाले आणि मुली तिला बहनजी म्हणत. मराठी घरांतल्या पोरीसुद्धा आपसांत हिंदीच बोलत. मधल्या सुट्टीत ती ओसरीवर उभी राही. समोर ठोकलेल्या अंगणावर मुली लंगडी घालत. खाली उतारावर राधाबाईंच्या रहाटाचं करकरणं ऐकू येई. तिला वाटे, आपल्या हातून एक काम तरी पुरं झालं.

पहिल्या उन्हाळ्यात राधाबाईंच्या विहिरीचं पाणी जरा लवकर खाली गेलं. त्या वर्षी पाऊस बेताचा होता, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पुढच्या वर्षी मात्र पाऊस भरपूर झाला. गल्लीतून पाण्याचे लोट वाहिले, मुली वह्या डोक्यावर धरून त्यातून उड्या मारत शाळेत आल्या. पण हिवाळा सरतो न सरतो तोच राधाबाईंचा रहाट गढूळ पाणी वर आणू लागला, आणि फाल्गुनात नुसता चिखल. त्यांनी माणसं लावून विहीर खोल करायला घेतली. थोडं खणल्यावर पहार खडकावर आपटली. झाशीची जमीन अशीच आहे, वर हातभर माती आणि खाली अखंड पाषाण. सुरुंग लावायची ऐपत राधाबाईंची नव्हती.

शाळेच्या खिडकीतून बाग दिसे. कमलिनीला मोगऱ्याचे वाफे करडे पडताना दिसत होते. आळीतल्या आणखी एकदोन विहिरी आटल्या होत्या. लोक म्हणत, देवाची मर्जी. कमलिनीही मनात तेच म्हणे, फक्त देवाऐवजी निसर्ग म्हणे. एकदोनदा तिला वाटलं, जाऊन काकूंना भेटावं. पण परीक्षा होत्या, तपासनीस यायचे होते, ओसरीची कवलं बदलायची होती. खरं सांगायचं तर त्या खिडकीशी उभं राहणंच तिनं सोडून दिलं.

त्याच चैत्रात चौथीच्या वर्गात पाण्याचा धडा आला.

तिनं तो नेहमीच्या उत्साहानं शिकवला. शेगडीवर किटली ठेवली. वाफ निघू लागली तशी तिच्यावर थंड पाण्यानं भरलेली पितळी थाळी धरली. थाळीच्या बुडाला थेंब जमले आणि टपटप पडू लागले, तशा मुली ओरडल्या, “बारिश! बारिश!” मग पाणी जमिनीत कसं मुरतं ते दाखवायला तिनं एक मोठी परात घेतली. परातीत उतरती वाळू थापली, वरच्या अंगाला वाटीएवढा खड्डा केला, खालच्या अंगाला बोटानं एक खोल भोक पाडलं.

“हे वरचं तळं, ही खालची विहीर,” ती म्हणाली, आणि झारीनं वरून पाणी घातलं. तळं भरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हळूहळू खालच्या भोकात पाणी पाझरून आलं. मुली परातीवर ओणवल्या.

कांचन नावाची एक मुलगी पुढेच उभी होती. बाप ड्रायव्हर, घर मराठी. ती कमलिनीशी मराठीत बोलायचा प्रयत्न करी आणि मध्येच हिंदीत घसरे. ती म्हणाली, “बहनजी, ही तर आपली तलैया आहे ना? आणि ही राधाकाकूंची विहीर.”

“हो, तसंच समज.”

“पण तलैयेवर तर आपण शाळा बांधली.” तिनं कोपऱ्यातल्या मातीकामाच्या डब्यातून चिकणमातीचा गोळा घेतला, वाळूतल्या तळ्यात दाबून बसवला आणि वरून तळहातानं थापटला. “आता पानी घाला.”

कमलिनीनं झारी धरली. पाणी मातीवर पडलं, क्षणभरही थांबलं नाही, परातीच्या कडेवरून खाली टेबलावर आणि टेबलावरून फरशीवर गेलं. कांचननं विहिरीच्या भोकातलं आधीचं पाणी चिंधीनं टिपून घेतलं आणि सगळ्या वाट पाहू लागल्या. भोकात काही येईना.

“भाग गया सारा,” कांचन म्हणाली. “विहिरीला मिळालंच नाही.” तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. प्रयोग जमला म्हणून ती खुश होती.

कमलिनी बराच वेळ फरशीवरच्या पाण्याकडे पाहत राहिली. पुस्तकात एक शब्द होता, ‘मुरतो’. पाऊस जमिनीत मुरतो. किती वर्षं ती तो शब्द उच्चारत होती, पण मुरण्यासाठी पाण्याला कुठंतरी थांबावं लागतं, एवढी साधी गोष्ट तिच्या मनात कधी आली नव्हती. मातीखाली लगेच पाषाण असलेल्या या गावात पाणी थांबायची जागा म्हणजे ती तलैयाच होती. समुद्र होता तिथंच होता, ढगही येत होते. ती काकूंना जे बोलली होती त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

शाळा सुटल्यावर ती तशीच उतार उतरून बागेत गेली.

राधाबाई ओसरीवर बसून भांडी पोत्यात बांधत होत्या. बैलांचा गोठा रिकामा होता.

“काकू, बैल?”

“गेले. बरुआसागरच्या एका काछी माळ्यानं नेले. चांगला माणूस आहे, जपेल त्यांना.” राधाबाईंनी पोत्याचं तोंड आवळलं. “तानाजी म्हणतो, बीन्याला ये. रेल्वेच्या क्वार्टरला नळ आहे.”

कमलिनी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. तिला रडू येत होतं, पण आधी बोलणं भाग होतं. “काकू, माझं चुकलं. तुमची विहीर तलैयेनंच भरत होती. आज वर्गात ड्रायव्हरच्या कांचननं परातीत ते दाखवून दिलं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

राधाबाईंचे हात थांबले. “मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं होतं? शाळा पाड म्हणू? इतक्या पोरी तिथं शिकतात. आणि हो मीच म्हटलं होतं, बैलही माझेच दिले होते.” त्यांनी पोतं बाजूला सारलं. मग त्यांचा आवाज बदलला. “पण राग आला, कमळे. खोटं कशाला बोलू. तुझ्या शाळेची घंटा वाजली की अंगाचा तिळपापड व्हायचा. विहिरीचा नाही गं, तुझा. तुझ्या खिडकीतून माझा मोगरा दिसतो. रोज वाटायचं, आज येईल, आज तरी विचारायला येईल, काकू, काय झालं म्हणून. दुसरा उन्हाळा आला. तू आली नाहीस.”

 परीक्षांचं, तपासनिसांचं कारण तोंडावर आणायची तिला लाज वाटली. “आता काही करता येईल,” ती कशीबशी म्हणाली. “मी पाणी अडवते. तुम्ही एक पावसाळा थांबा.”

“मोगरा मेला. बैल गेले,” राधाबाई म्हणाल्या. “मी कशासाठी थांबू?”

त्या आठवड्यात त्या पॅसेंजरनं बीन्याला गेल्या. कमलिनी जनार्दनबरोबर स्टेशनवर गेली होती. डब्याच्या खिडकीत राधाबाईंनी तिचा हात हातात घेतला, पण बोलल्या त्या जनार्दनशी, पुन्हापुन्हा, घराच्या किल्ल्या कोणाकडे ठेवल्या आहेत ते.

त्यानंतर कमलिनी हट्टाला पेटली. शाळेच्या अंगणातच पुन्हा तळं खणावं, असं तिचं म्हणणं होतं. जनार्दननं कपाळाला हात लावला. “राखेवर उभी आहे इमारत. शेजारी पाणी मुरवलंस तर पाया खचेल. पोरींच्या डोक्यावर छत पाडायचंय का?” तो बरोबर होता. मग तिनं आवाराबाहेर, गल्लीच्या वळणाशी पडीक असलेला तुकडा नानासाहेबांकडून मिळवला. आळीतल्या लोकांनी खणायला हात लावला, कारण त्यांच्याही विहिरी आटल्या होत्या. भावानं बांधलेलं गटार फोडून पाणी त्या खड्ड्याकडे वळवलं. डासांसाठी त्यात मासे सोडले. तलैयेच्या चौथाईएवढाही तो खड्डा नव्हता.

पण त्या पावसाळ्यात तो भरला. आणि माघात एका सकाळी कमलिनी राधाबाईंच्या ओसाड बागेत शिरली, विहिरीत वाकून पाहिलं, तर खाली पाणी होतं. पूर्वीइतकं नाही, पण स्वच्छ, आकाश दिसेल इतकं स्थिर. दगड टाकला तर तो बुडाल्याचा आवाज आला. तिनं त्याच शनिवारी बीन्याची गाडी धरली.

रेल्वेच्या क्वार्टरांची लांबच लांब रांग होती. तानाजी ड्यूटीवर गेला होता. राधाबाई दारात बसून गहू निवडत होत्या. त्या वाळल्या होत्या. नऊवारी होतीच, पण काचा सैल होता. कमलिनीला पाहून त्यांना आनंद झाला, हे तिनं ओळखलं. त्यांनी तिला आत बसवलं, चहा केला, झाशीतल्या एकेकीची विचारपूस केली.

“काकू, विहिरीला पाणी आलं,” कमलिनीनं शेवटी सांगितलं. “माघ लागला तरी टिकून आहे. तुम्ही परत चला. मोगरा पुन्हा लावू, मी आणि पोरी मदत करू.”

राधाबाईंनी बशी खाली ठेवली. “किती आलंय?”

“पायऱ्यांच्या खालच्या कपारीपर्यंत.”

“म्हणजे उन्हाळा निघणार नाही. पण भाजीपुरतं होईल.” क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुना हिशेबी भाव आला. मग तो गेला. “बाग विकली, कमळे. दिवाळीतच. तानाजीला बोलणं पटलं एका ठेकेदाराचं. तो तिथं चाळ बांधणार आहे. तुला कोणी सांगितलं नाही?”

कोणी सांगितलं नव्हतं. कमलिनीनं कप खाली ठेवला. बाहेर यार्डात एक इंजिन वाफ सोडत उभं होतं, त्या आवाजात थोडा वेळ दोघींना बोलता येईना.

“मी अगोदर यायला हवं होतं,” आवाज थांबल्यावर कमलिनी म्हणाली.

“हो,” राधाबाई म्हणाल्या. “यायला हवं होतंस.”

तेवढ्यात बाहेर बायकांची गडबड उडाली. नळाला पाणी आलं होतं. राधाबाईंनी घागर उचलली. कमलिनी पुढे झाली, तशी त्यांनी घागर तिच्या हाती दिली आणि दुसरी स्वतः घेतली. दोघी रांगेत उभ्या राहिल्या. नळाची धार बारीक होती. पुढच्या बाईची बादली भरायला बराच वेळ लागत होता.

“तो धडा अजून शिकवतेस?” राधाबाईंनी विचारलं.

“शिकवते. आता पहिला पाऊस आला की पोरींना घेऊन टेकडीवर जाते. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं निघून जातं, ते त्याच्यामागून चालत जाऊन बघतो.”

राधाबाईंनी मान हलवली. त्यांचा नंबर आला होता. त्यांनी घागर नळाखाली धरली आणि पाण्याच्या आवाजावर म्हणाल्या, “बरं करतेस. त्या ड्रायव्हरच्या पोरीला माझा आशीर्वाद सांग.”

कमलिनीनं भरलेली घागर उचलून कमरेवर घेतली. परतीची गाडी दुपारची होती. ती निघेपर्यंत दोघींनी क्वार्टरातले सगळे हंडे-कळशा भरून ठेवल्या.